ओदेतबाईंचं पातेलं आणि शलगमाचा प्रश्न

पेर्साकच्या रग्बी क्लबाचा इतिहास कुणालाही विचारा, सुरुवात सूपपासूनच होते. गावातला पिंपं बनवणारा एक मनुष्य बोर्दोला ऑर्डरी मिळवायला गेला आणि ऑर्डरींऐवजी एक लांबुडका चेंडू घेऊन परत आला. बायकोनं आठवडाभर त्याच्याशी अबोला धरला. पहिला सामना नदीपलीकडच्या लुबियों गावाशी झाला आणि मैदानाची हद्द आखायची राहून गेल्यामुळे तो थेट नदीत जाऊन संपला. कोण जिंकलं याबद्दल अजूनही दोन गावांत दोन मतं आहेत. पण लुबियोंची पोरं ओल्या कपड्यांत कुडकुडताना पाहून त्याच पिंपवाल्याच्या बायकोला दया आली. तिनं त्यांना चुलीपुढे बसवलं आणि कोबी, पांढरा घेवडा, हॅमचं हाड आणि मिठात मुरवलेली बदकाची तंगडी घालून केलेलं गार्ब्युर नावाचं घट्ट सूप पोट तुडुंब भरेपर्यंत वाढलं. तेव्हापासून आमच्याकडे रीत पडली ती पडली. सामन्यात पाहुण्याचे दात पाडायला हरकत नाही, पण सामन्यानंतर तो उपाशी परत गेला तर क्लबाला काळिमा.

ओदेतबाई काझोबों या रीतीत लग्न करून आल्या. नवरा लुसियँ गवंडी होता आणि रविवारी क्लबाकडून पहिल्या रांगेत खेळायचा. त्याला मान नव्हती. डोकं सरळ खांद्यांवर ठेवल्यासारखं होतं. सासू लेओंतीन मैदानावरच्या लाकडी गॅलरीखालच्या स्वयंपाकघरात गार्ब्युर करायची. तिनं सुनेच्या हातात पळी दिली ती गुडघे गेले म्हणून. मन मोठं झालं असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. पुढे वर्षभर ती शेजारी खुर्ची टाकून बसायची आणि सुनेनं मीठ घातलं की डोळे मिटून घ्यायची.

गंमत म्हणजे क्लबासाठी जन्म घालवलेल्या या बाईंनी एकही सामना पाहिला नव्हता. सामना सुरू व्हायची शिट्टी आणि कोबी पातेल्यात पडायची वेळ एकच. बाई पातेल्यापाशी, डोक्यावर गॅलरी आणि गॅलरीत नाचणारे पाय. त्या पायांवरून आपल्याला सामना कळतो असा त्यांचा दावा होता. आपण जिंकलो असं वाटलं की त्या खुशीनं जास्तीचे सॉसेज टाकायच्या. एका कडाक्याच्या हिवाळ्यात सगळं गाव थंडीनं पाय आपटत होतं, तेव्हा आम्ही सडकून हरलो आणि हंगामातलं सर्वांत चांगलं सूप प्यायलो. बाईंनी चूक कबूल केली नाही. "तुमचे पाय खोटं बोलले," एवढंच म्हणाल्या.

लुसियँ गेल्यावर बाईंचं घर फार गप्प झालं. आठवडाभर त्या रेडिओशी भांडायच्या. रविवारी मात्र आंघोळ करून आलेली धिप्पाड पोरं स्वयंपाकघराच्या दारात गर्दी करून "आजी, झालं का?" असं विचारायची आणि बाई "मेला नाहीस ना अजून? मग थांब," असं खेकसायच्या. त्या खेकसण्यावरच त्यांचा सोमवार ते शनिवार निघत असे. पळी हातातून गेली तर आपण फक्त एक म्हातारी उरू, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि त्याची त्यांना भीती वाटायची.

आणि मग रग्बी व्यावसायिक झाली. वरच्या गटात राहायचं तर मोठं मैदान हवं, पगारी खेळाडू हवेत, असे वरून निरोप यायला लागले. आमच्या मैदानाचा उतार असा की एका टोकाला ठेवलेला चेंडू आपणहून दुसऱ्या टोकाला जातो. लुबियोंचं मैदान सपाट, पण त्यांच्याकडे खेळाडू नावाला. दोघंही बुडणार हे स्पष्ट झालं, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची नाकं फोडणाऱ्या या दोन क्लबांनी एक व्हायचं ठरवलं.

बैठक लुबियोंच्या सभागृहात भरली. अध्यक्षस्थानी औषधांच्या दुकानाचे मालक मिस्यू द्युकासे. त्यांना अल्सर होता, डॉक्टरांनी गार्ब्युर बंद केलं होतं, म्हणून दोन्ही गावांनी त्यांना निःपक्षपाती मानलं. नाव ठरलं. मैदान लुबियोंचं, कप्तान पेर्साकचा. आमचा पिवळा आणि त्यांचा जांभळा रंग एकत्र करून जो सदरा निघाला तो मुका मार लागून आठवडा झाल्यावर कातडी दिसते तसा होता. तोही टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. लोक कोट घालायला उठले. तेवढ्यात कुणीतरी सहज विचारलं, "सूप कुणाचं?"

लोकांनी कोट काढले.

लुबियोंचं सूप करायचा गास्तों बारेर. निवृत्त पोस्टमन, पिळदार मिशी, तीन ठिकाणी वळलेलं नाक. त्याचं गार्ब्युर बाकी माणसासारखं होतं, पण त्यात तो शलगमाचे कंद घालायचा.

"शलगम आम्ही गुरांना घालतो," ओदेतबाई म्हणाल्या.

"म्हणूनच तुमची गुरं तुमच्या पोरांपेक्षा चांगली पळतात, मादाम," गास्तों म्हणाला.

त्यानंतर दिवे लागेपर्यंत शलगमावर चर्चा झाली. पेर्साकच्या एका सदस्यानं राजीनामा दिला, परत घेतला, पुन्हा दिला. लुबियोंच्या एका आजोबांनी शलगमाखातर छाती ठोकून सांगितलं की दुष्काळात त्यानंच गाव तगवलं. "मग दुष्काळात खा," असं मागून कुणीतरी ओरडलं. अखेर मिस्यू द्युकासेंनी पोटावर हात दाबत तोडगा काढला. नव्या क्लबाच्या पहिल्या सामन्याला पाहुणे उत्तरेकडून, पार बेल्जियमच्या हद्दीजवळून येणार होते. तिकडची माणसं लोण्यात स्वयंपाक करतात, तेव्हा त्यांना ना शलगमाचा लळा ना राग. सभागृहात दोन पातेली ठेवायची. पाहुण्यांचा कप्तान ज्या पातेल्यातून घेईल तो जिंकला. हरेल त्यानं पळी कायमची खाली ठेवायची.

ओदेतबाई त्या संध्याकाळी पूल ओलांडून चालत घरी आल्या आणि रेडिओ न लावताच बसून राहिल्या.

सामन्याच्या दिवशी सभागृहामागच्या स्वयंपाकघरात दोघांच्या चुली आमनेसामने पेटल्या. खिडकी थेट मैदानावर उघडायची. पातेली रटरटायला लागली तशी बाईंच्या डोक्यात कल्पना आली, आणि कल्पना आली की बाई थांबत नसत. आपल्या खेळाडूंनी आधी चव घेतली, तर तेच पाहुण्यांपाशी आपलं कौतुक करतील. त्यांनी कप्तान फाब्रीसला मागच्या दारानं आत ओढलं.

"चव बघ."

"आजी, कोचनं उकडलेला पास्ता खायला सांगितलाय."

"तुझी दुपटी मी वाळत घातलीयेत, फाब्रीस. तोंड उघड."

फाब्रीसनं तोंड उघडलं. बाईंनी वाडगा भरला. समोरून गास्तोंनं हे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि शांतपणे पुढच्या दारातून लुबियोंच्या दोन पोरांना आत घेतलं. त्यानं एकेक पळी वाढली. बाईंनी पुढच्याला दोन वाढल्या. गास्तोंनं बदकाची तंगडी दिली. बाईंनी तंगडी आणि वर सॉसेज दिलं. इकडचा खेळाडू बाहेर पडला की तिकडून हाक यायची, "आणि माझं काय विष आहे का रे?" दोन्ही गावांत आयुष्य काढायचं असल्यामुळे कुणाची नाही म्हणायची छाती झाली नाही. फिजीहून आलेला वाइसाके दारात मावत नव्हता. त्याला भाषा फारशी येत नव्हती, पण म्हाताऱ्या माणसानं वाढलेलं परत करायचं नाही एवढं तो घरून शिकून आला होता. त्यानं दोन्ही चुलींना दोनदोनदा मान दिला आणि जाताना दोघांच्याही गालांचे मुके घेतले.

शिट्टी झाली. सामना पाहायची ओदेतबाईंची ही पहिलीच वेळ. त्या खिडकीशी उभ्या राहिल्या, शेजारी गास्तों.

पाहुणे हरणासारखे सुटले. आमच्या पोरांपैकी काहींनी दोनचार पावलं टाकली आणि गुडघ्यांवर हात ठेवून विचार करू लागले. एक जण चेंडू घेऊन पडला तो उठेचना. त्याला पडल्यावर बरं वाटलं होतं.

"हे काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

"रग्बी."

"नेहमी असंच असतं?"

"नाही. नेहमी उभे असतात."

पाहुण्यांनी चेंडू आमच्या रेषेपलीकडे टेकवत ट्रायवर ट्राय केले. वाइसाके गोलखांबाला टेकून उभा होता आणि पळत जवळून गेलेल्या प्रत्येकाकडे सौम्यपणे हसून पाहत होता.

"लुसियँ सांगायचा की फार थरारक खेळ आहे," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं हा मनुष्य माझ्याशी खोटं बोलला."

मध्यंतरात कोच स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडच्या खोलीत असा गरजला की भांडी वाजली. तो दूरच्या लियों शहरातला, आमच्या भानगडींत नवखा. "काय खाल्लंय तुम्ही?" तेवढ्यात वाइसाकेला लांबलचक ढेकर आला आणि त्यात सगळी कबुली होती. खिडकीशी उभ्या दोघांनीही एकदम आपापल्या चुलीचा जाळ नीट करायला घेतला.

पण कोच मूर्ख नव्हता. "ऐका," तो म्हणाला. "आता कुणी पळायचं नाही. पळताना दिसला त्याला काढून टाकीन. चेंडू मिळाला की पोटाशी धरायचा, वाकायचं आणि ढकलायचं. ढकलता तरी येईल ना?"

"बसून?" फाब्रीसनं आशेनं विचारलं.

उत्तरार्धात चमत्कार झाला. स्क्रम म्हणजे आठांनी आठांना डोकी भिडवून रेटायचं. पाहुण्यांच्या आठ जणांनी रेटून पाहिलं. समोर चर्चची भिंत असावी तसं काही हललं नाही. मग भिंत पुढे चालायला लागली. हळूहळू, घामाघूम, आतून चमत्कारिक आवाज काढत आमची पोरं पाहुण्यांना त्यांच्याच रेषेपलीकडे घेऊन गेली. पुन्हा स्क्रम, पुन्हा तेच. पिवळ्या-जांभळ्या गॅलरीत लोक एकमेकांच्या टोप्या उडवू लागले.

"घेवड्यानं ताकद येते," ओदेतबाई म्हणाल्या.

"वजन शलगमाचं आहे," गास्तों म्हणाला.

"वजन वाइसाकेचं आहे."

"त्याला वाढलं कुणी?"

शेवटच्या मिनिटाला सगळा ढीग पाहुण्यांच्या रेषेवर कोसळला. पंचानं गुडघे टेकून आत डोकावलं, बराच वेळ शोधलं आणि तळाशी चेंडूला मिठी मारून वाइसाके सापडला. एका गुणानं जिंकलो.

ओदेतबाई आनंदानं चुलीकडे वळल्या, पातेल्याचं झाकण उचललं आणि जागच्या जागी थिजल्या. तळाशी पाचसहा वाडगे निघतील एवढंच उरलं होतं. समोर गास्तोंनं झाकण उचललं होतं आणि त्याची मिशी लोंबली होती. त्याच्याकडे थोडं जास्त होतं, पण पाहुण्यांच्या अर्ध्या संघालाही ते पुरलं नसतं. रविवार, सगळी दुकानं बंद. नवीन करायचं तर हाड शिजेपर्यंत पाहुण्यांची बस निघून जाणार.

सभागृह भरलं. आमची पोरं भिंतीला टेकून बसली होती आणि सूपचा वाससुद्धा नको म्हणून त्यांनी तोंडं फिरवली होती. मग पाहुणे आले. चिरडलेले, चिखलानं माखलेले, आणि तोंडांवर भूक अशी की समोर टेबल दिलं असतं तर तेही खाल्लं असतं. त्यांचा कप्तान, सुजलेल्या कानांचा एक लालकेशा गडी, दोन टेबलांकडे पाहून क्षणभर थांबला आणि जवळ पडलं म्हणून ओदेतबाईंच्या पातेल्याकडे यायला लागला.

आमच्या पेर्साकच्या लोकांनी टाळ्या वाजवायला हात वर केले होते. बाईंनी पळी उचलली. एक वाडगा भरायचा, एवढंच काम उरलं होतं. तो घेतला की गास्तोंची पळी खाली आणि हे स्वयंपाकघर, ही पोरं, "आजी, झालं का" हे सगळं मरेपर्यंत त्यांचं. कप्तानामागे त्याचे खेळाडू रांगेत उभे राहत होते. अगदी मागे एक कोवळा पोरगा होता, त्याच्या भुवईवर टाके होते आणि तो टाचा उंचावून पातेल्यात काय आहे ते बघत होता.

बाईंनी पळी ठेवली. दोन फडकी घेतली, पातेल्याचे कान धरले आणि ते उचलून चालू लागल्या. पेर्साकचे लोक "बाई, अहो बाई," म्हणत उठले. त्या थेट गास्तोंच्या टेबलापाशी गेल्या आणि त्यांनी आपलं सगळं गार्ब्युर त्याच्या पातेल्यात, त्या शलगमांवर, ओतलं.

गास्तोंनं आवाज खाली आणला. "मादाम, आता हे माझंच धरतील."

"धरू देत. पाणी उकळत ठेवलंय ते आण आधी. आणि कोपऱ्यातला तो पाव."

उकळतं पाणी पडलं, मीठ पडलं, शिळा पाव कुस्करून पडला, चीजचा तुकडाही गेला. दोघांनी दोन पळ्यांनी ढवळलं. रांग सरकली. मागच्या टाकेवाल्या पोरापर्यंत प्रत्येकाला भरून वाडगा मिळाला, आणि पातेलं खरवडल्यावर कप्तानाला दुसऱ्यांदाही मिळालं. त्यानं आमच्यातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून इथल्या रीतीप्रमाणे वाडग्यात उरलेल्या सूपमध्ये लाल वाइन ओतली, वाडगा दोन्ही हातांनी तोंडाला लावला आणि रिकामा करून खाली ठेवला.

"आयुष्यात असं काही खाल्लं नव्हतं," तो म्हणाला. "कुणी केलंय हे?"

गास्तोंनं तोंड उघडलं.

"क्लबनं," ओदेतबाई म्हणाल्या.

गास्तोंनं तोंड मिटलं आणि दोघांच्या पळ्या पुसून पुढच्या रविवारसाठी स्वयंपाकघरातल्या एकाच खिळ्याला शेजारी लावल्या.