काट्यांचं कुंपण

आज रस्त्याकडेला कुणीतरी बाभूळ तोडत होतं. त्या ओल्या, तुरट वासानं मी चाळीसगावजवळच्या आमच्या कपाशीत पोचलो.

वाटणी झाल्यापासून माझे वडील, म्हणजे आबा, आणि नानाकाका एकमेकांशी बोलत नसत. पण दोघांच्या शेतांमधल्या बांधावरचं बाभळीच्या काट्यांचं कुंपण दर वर्षी कुजायचं, आणि नवं घालायला दोघं लागायचे. अलीकडून एकानं फांदी रेटायची, पलीकडून दुसऱ्यानं दाबायची.

एका दुपारी आबांनी मान वर न करताच विचारलं, "काटा लागना का रे तुले?"

"नही," रक्ताळलेलं बोट धोतराला पुसत नाना म्हणाले. वर्षभराचं बोलणं तेवढंच.

पुढे दोघंही वारल्यावर चुलतभावाच्या आणि माझ्या शेतामध्ये मीच लोखंडी तार ओढून घेतली. तारवाला म्हणाला होता, "आता वीस वर्षं इकडे बघायला नको."

कुणी बघितलंही नाही.