उरलेला अर्धा दात

परबबाई प्रयोगशाळेत शिरल्या की आमची तोंडं आपोआप मिटायची. परळच्या आमच्या संस्थेत त्या प्राचीन हाडांमधला डीएनए शोधायच्या. हाडावर थुंकीचा एक कण पडला तरी सगळ्या मेहनतीवर पाणी. "गप रव गो, आजोबांवर थुंकी उडतली," म्हणायच्या. मास्क, टोपी, हातमोजे अशा जामानिम्यातून फक्त डोळे दिसायचे, आणि तेही रागावलेले.

बाहेर चहाला आल्या की मात्र ऐकत राहावं. "सायबेरियातल्या गुहेत करंगळीचं इवलंसं हाड मिळालं. त्यातल्या डीएनएवरून कळलं, की डेनिसोव्हन म्हणून वेगळीच माणसं होऊन गेली. चेहरा ठाऊक नाही, पण नातं कळलं."

"शेवटी नामशेषच झाली ना?" मी एकदा म्हटलं.

बाई लालबागच्या चाळीत वाढलेल्या. "नामशेष कसली? आपल्या पूर्वजांशी संसार केले त्यांनी. थोडी थोडी आपल्यात राहिलीयत, पागडीवरच्या जुन्या भाडेकरूंसारखी. कोण काढणार?"

असा डीएनए आपल्याकडे सापडावा, हा बाईंचा ध्यास. पण इथल्या उष्ण हवेत तो सहसा टिकत नाही. निवृत्ती तोंडावर आली असताना एका गुहेत त्यांना जुना दात मिळाला. अर्धा कोरून पूड केली. डीएनए भरपूर आला. मी नाचायच्या बेतात होते. बाईंनी मात्र तो आधी आम्हा सगळ्यांच्या नमुन्यांशी ताडून पाहिला. तशी पद्धतच आहे. जुळला, आणि तोही बाईंशीच. गुहेत दात दिसल्यावर हरखून त्यांनी तो मोजे न घालताच उचलला होता. "माझाच गो," एवढंच म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं.

संस्थेचे साहेब म्हणाले, "उरलेला कोरा, आता नीट धुऊन घ्या. जाण्याआधी निकाल लागेल." मीही गळ घातली.

"आज कोरला की संपला," बाई म्हणाल्या. "आपली पद्धत अजून तोकडी आहे. पुढे कुणाला तरी चिमूटभर पुडीत जमेल. त्यांना ठेवूया."

"पण मग तुम्हाला कळणार नाही, बाई."

"नाही कळणार." आणि दात त्यांनी माझ्या ताब्यात दिला.

गेल्या वर्षी बाई आजारी पडल्या. शेवटच्या भेटीत त्यांनी आधी तेच विचारलं, "कोरला नाहीस ना?"

मी नाही म्हटलं.

"बरं केलंस." मग माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "पण काय असात गो त्यात?"