सगळ्यांची तोंडं उत्तरेला

दुपारी लेकीचा एका शब्दाचा मेसेज आला, ‘सांगितलं’, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. काय सांगितलं ते मला ठाऊक आहे. पुढे काय झालं ते नाही.

माझी मुलगी परीक्षांमधले तर्काचे प्रश्न तपासते. एका बाकावर सहा जण बसले आहेत, अमका तमक्याच्या डावीकडे आहे, तर टोकाला कोण, अशा जातीचे. तिच्या कामाच्या खोलीत एक लांब टेबल आहे आणि त्यावर कायम खोडरबराचा चुरा. प्रश्न लिहिणारे वेगळे. हिने प्रत्येक प्रश्न परीक्षेला बसल्यासारखा सोडवायचा, एकच उत्तर निघतं ना ते बघायचं आणि कोपऱ्यात सही करायची. दुसऱ्या एका प्रकारात दोन विधानं देतात आणि विचारतात, उत्तर काढायला यातलं एक पुरेसं आहे, दोन्ही लागतात, की दोन्ही मिळूनही पुरत नाहीत? उत्तर काढायचंच नसतं. ते निघेल का, एवढंच सांगायचं. हा कसला उद्योग, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाली, “आई, तू जन्मभर उलटं केलंस. माहिती नसताना उत्तरं काढलीस.”

लहानपणापासून अशीच. बाबा आले का असं विचारलं, तर दारात जाऊन यायची आणि सांगायची, चपला आहेत, पण त्यांच्याकडे दोन जोड आहेत. तेव्हापासून हे तिला वकीलसाहेब म्हणतात. माझ्या बहिणीने, म्हणजे तिच्या मावशीने, एक स्थळ आणलं. मुलगा कसा वाटला, तर म्हणे दिलेली माहिती अपुरी आहे. मावशी म्हणाली, “जमव हो, म्हातारी होईपर्यंत जमव माहिती.” तो विषय तिथेच संपला.

गेल्या परीक्षेत तिच्या हातून एक चूक झाली. पानावर जागा पुरेना म्हणून कुणीतरी प्रश्नातलं एक वाक्य उडवलं होतं: सगळे उत्तरेकडे तोंड करून बसले आहेत. या कामात माणसं बाकावर बसली की बहुधा उत्तरेकडेच बघतात. इतकी वर्षं हिने त्यांना तसंच बसवलं, त्यामुळे नसलेलं वाक्य तिने मनातल्या मनात वाचलं आणि सही ठोकली. विचारलं होतं, पूर्वेच्या टोकाला कोण? तीच माणसं दक्षिणेकडे तोंड करून बसवली तर तिथे दुसराच कुणीतरी येतो. आणि ‘सांगता येत नाही’ हा पर्याय दिलेलाच नव्हता.

परीक्षा होऊन गेली. कुणी तक्रार केली नाही. नंतर पेपर चाळताना हिलाच ते दिसलं.

रविवारी घरी आली तेव्हा मटार सोलता सोलता तिने हे सगळं सांगितलं. मावशी होतीच. तिने सरळ विचारलं की कुणी बोट दाखवलेलं नसताना स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस? हिचा करार महिनाअखेर संपतोय आणि तो पुढे चालू ठेवणं तिच्या ऑफिसातल्या साहेबांच्या हातात आहे. तोंड उघडलं तर नोकरी जाऊ शकते, हे तिलाही कळत होतं. शेंगा संपल्या तरी ती ताटात दाणे रांगेने लावत बसली. मग म्हणाली, “मावशी, ज्यांनी नीट विचार केला, त्यांनीच तो प्रश्न सोडून दिला असणार. मार्क मिळाले ते माझ्यासारख्यांना.”

मावशीने ताट उचलून आत नेलं. मी काहीच बोलले नाही.

आज ती साहेबांना सांगणार होती. सांगितलं. मी तिच्याच पद्धतीने विचार करून पाहिला. पहिलं विधान, तिचा मेसेज. त्यावरून नोकरीचं काहीच कळत नाही. दुसरं विधान, संध्याकाळचा रोजचा फोन आला नाही. नोकरी गेली म्हणून आला नसेल, किंवा साहेबांनी तिथेच बसवून जुने पेपर पुन्हा तपासायला लावले म्हणूनही नसेल. दोन्ही एकत्र धरली तरी तिथेच. हे म्हणाले, झोप आता, वाईट काही असतं तर तिने कळवलं असतं. असं म्हणून स्वतः मात्र मघापासून कूस बदलतायत.

रात्री मी फोन केलेला तिला आवडत नाही. मी ‘जेवलीस का’ म्हणते, आणि मला भलतंच काही विचारायचंय हे तिला पहिल्याच शब्दाला कळतं. पण रविवारी मी गप्प बसले, त्यावरून तिने काय काढलं असेल कोण जाणे. मावशीच्या बाजूची धरली असेल मला. तिच्याकडेही माहिती अपुरीच आहे, आणि ती द्यायची माझ्याकडूनच राहिली आहे.

आज जेवणाचं विचारणार नाही. आधी ‘बरं केलंस’ म्हणणार आणि मगच नोकरीचं विचारणार. पेन ठेवते आणि फोन लावते.