न लागलेल्या नोकरीचा फ्लेक्स

चूक माझीच. बिभीषन म्हनत्यात मला. गावात कुनाचा बी फ्लेक्स लागला की खाली कोपऱ्यात माझा गॉगलवाला फोटो असतोच.

माझी बहीन मालन नेवाशाजवळ आमच्याच गावात दिलेली. तिची पंकजा बी.कॉम. झाली आन् एक दिवस टेम्पोत गादी, शेगडी, टेबलफॅन घालून नगरला, केडगावात ऱ्हायला निघाली. मी फाट्यावरच हुतो. आता तुमीच सांगा, गादी घेऊन मानूस कवा जातं? नोकरी लागल्यावर! शोधायला जानारा एक पिशवी घेतो आन् कुनाच्या तरी खोलीवर पथारी टाकतो. मी काय विचारलंच न्हाई. लगेच मोबाईलवरून केडगावच्या फ्लेक्सवाल्याला मजकूर धाडला: 'आमची भाची कु. पंकजा हिची नगर येथे उच्च पदावर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स फाट्यावर, आन् निम्मं गाव दाजींच्या वट्यावर पेढे मागायला. मच्छिंद्रदाजी लई मानी मानूस. चारचौघांत काय बोलनार? वाटले पेढे. लोकं पांगल्यावर मला मागल्या दारी नेलं.

"अरे गाढवा, नोकरी कुठं लागलीय? ती शोधायला गेलीय! यात्रेपत्तूर मुदत दिलीय मी. न्हाई लागली तर गादी गुंडाळून परत. आता तशीच आली तर मी तोंड कुठं दावू?"

तेवढ्यात पंकजाचा फोन.

"मामा, कंचं उच्च पद वं? मला बी सांगा, जाऊन बसते तिथं!"

दोन महिने पोरीनं नगर पालथं घातलं. शोरूम झालं, दवाखाना झाला, पतसंस्था झाली. समदीकडं एकच उत्तर, 'कळवतो.' इकडं सरपंचांनी जाहीर केलं, यात्रेत पंकजाचा सत्कार! आन् त्याचा बी मजकूर त्याच फ्लेक्सवाल्याला मीच धाडला. हाताला सवय, दुसरं काय!

हे कळल्यावर पंकजा तनतनत त्या फ्लेक्सच्या दुकानात गेली, छपाई थांबवायला. लग्नसराई चाललेली. दुकानदार केदारशेठ फोनवर अडकलेले. पलीकडचं गिऱ्हाईक वरडत हुतं, सत्तावीस शुभेच्छुकांचे फोटो एकाच फ्लेक्सवर पायजेत, आन् समद्यांची तोंडं वळखू आली पायजेत. पंकजाला कुठला दम! तिनं शेठच्या हातातला फोनच घेतला.

"दादा, एवढी मानसं दहा फुटात कशी बसायची? नवरदेव पायजे का न्हाई त्यात? वीस फुटी घ्या, समदी ऐटीत बसत्यात."

गिऱ्हाईक राजी! मंग तिनं दुसरा फोन उचलला, मंग तिसरा. केदारशेठनी तिच्याकडं खुर्ची सरकवली.

"ताई, भांडायचं उद्या बघू," ते म्हनले. "कामाला येता का?"

मला कळलं तसा मी गोठ्यातच नाचलो. म्हस बिचकली.

यात्रेदिवशी सत्काराचा फ्लेक्स पंकजानंच आनला. मी फेटा बांधून फुडं. समद्या गावादेखत उलगडला, तर आईशप्पत! वीस फुटी मीच, गॉगलसकट. 'नोकरी लागायच्या दोन महिने आधीच अभिनंदन करणाऱ्या बिभीषणमामांचा जाहीर सत्कार. शुभेच्छुक: भाची पंकजा, फ्लेक्सच्या दुकानात नोकरीला.'

गाव पोट धरून हसायला लागलं. मला हसावं का लपावं कळंना. पन दाजी हसत न्हवते. समदं बिंग फुटलं हुतं. त्यांनी सरळ माइक घेतला.

"व्हय," ते म्हनले. "तवा नोकरी न्हवती. पोरगी तशीच गेल्ती, गादी घेऊन. माझीच छाती न्हवती झाली, म्हनून गप बसलो."

सरपंचांनी माझ्यासाठी शाल उघडली हुती. दाजींनी ती त्यांच्या हातातनं घेतली आन् पोरीच्या खांद्यावर घातली. मालन रडली, पंकजा रडली, मी तर लईच रडलो. गॉगल हुता म्हनून बरं.