दोन किल्ल्यांचं कुलूप

रामदास ओव्हाळ यांच्याविषयी लिहायचं तर आधी माझी फजिती सांगावी लागते. इलाज नाही. माझा जन्म सदाशिव पेठेतला. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर नारायण पेठेतल्या एका लिलावाच्या दुकानात जुन्या वस्तूंची माहिती लिहायचं काम धरलं. अडकित्ता येवो, तलवार येवो, समई येवो, तिची कुळकथा लिहून द्यायची. वस्तू पाचशेची आणि कुळकथा पन्नास हजारांची, असा तो धंदा. मालक संजय देवभक्त म्हणायचा, "सर, पितळ कोणीही विकतं. आपण घराणं विकतो." हे वाक्य मला तेव्हा फार आवडायचं. आता आठवलं की लाज वाटते.

ओव्हाळ त्या दुकानात कुलपं उघडायला यायचे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात अडतीस वर्षं लेथवर टर्नर होते, आता बहात्तरीला आलेले. आले की दारातून "जय भीम" म्हणायचे आणि उत्तर मिळेपर्यंत हातातली पिशवी खाली ठेवायचे नाहीत. संजय कधी फोनवर असायचा, कधी नुसताच असल्याचं दाखवायचा. ओव्हाळ उभेच. शेवटी संजयला "जय भीम" म्हणावंच लागायचं, आणि मग पिशवी खाली यायची. चहा घेतला तर काम झाल्यावर.

कुलूप तोडताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक कुलपावर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटून हळूहळू किल्ली फिरवायचे. एकदा संजयनं घाई केली, तर डोळे न उघडता म्हणाले, "घाई असेल तर हातोडा घ्या, संजयराव. त्याला अक्कल लागत नाही आणि मजुरीही द्यावी लागत नाही." तिरकस बोलण्याचा मक्ता आमच्या पेठांकडेच आहे, असा माझा समज होता. तो खडकीनं मोडला.

मग गेल्या दिवाळीनंतर ते कुलूप आलं. जुन्या बाजारातल्या एका विक्रेत्याकडून संजयनं ते उचललं होतं. भरीव पितळेचं, अडीच किलो वजनाचं. त्याला शेजारी शेजारी किल्लीची दोन भोकं होती आणि किल्ली मात्र एकच. कडीच्या आतल्या बाजूला इंग्रजी आकड्यांत २१७ ठोकलेलं होतं.

मी चष्मा पुसून कामाला लागलो. दोन किल्ल्या, म्हणजे हे सरदाराच्या जामदारखान्याचं कुलूप. एक किल्ली सरदाराकडे, दुसरी कारभाऱ्याकडे. २१७ हा खजिन्याच्या नोंदीचा आकडा. इंग्रजीत का? उघडच आहे, पेशवाई बुडाल्यावर कंपनीच्या कारकुनानं तो ठोकला असणार. पुरावा काय? माझी पस्तीस वर्षं! सरदाराचं नाव तेवढं मी लिहिलं नाही, 'पुण्यातील एक मातब्बर सरदार घराणे' असं मोघम ठेवलं. संजयनं साडेतीन लाखांपासून बोली ठरवली. हडपसरकडचे रावसाहेब नावाचे एक बांधकामवाले नव्या बंगल्यासाठी सरदारी वस्तू शोधतच होते. त्यांची अट एकच होती, "कुलूप उघडलं पायजे. मढं घेऊन काय करू?"

म्हणून ओव्हाळांना बोलावणं गेलं. त्यांनी कुलूप हातात घेतलं, उलटं केलं, कडीच्या आत पाहिलं. स्क्रू-ड्रायव्हर पिशवीतून काढलाच नाही. बराच वेळ अंगठा त्या आकड्यावरून फिरत राहिला. मग त्यांनी कुलूप टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "उघडेल. दुसरी किल्ली माझ्या घरी आहे."

संजय हसला. मीही हसलो. माझं माहितीचं कार्ड शेजारीच होतं. ओव्हाळांनी ते उचलून सावकाश वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"सर, पेशवाईत इंग्रजी आकडे होते का हो?"

मी कंपनीच्या कारकुनाचं सांगू लागलो. त्यांनी मला सगळं बोलू दिलं. मग म्हणाले, "तो कारकून माझा बाप. मारुती ओव्हाळ. आमच्याच कारखान्यात टर्नर, बिल्ला नंबर २१७. तिथं नावानं कोण ओळखतं? स्वतःची हत्यारं कोणी उचलू नयेत म्हणून प्रत्येक जण त्यावर आपला नंबर ठोकायचा. घरी बनवलेल्या वस्तूवरही बापानं तोच ठोकला."

त्यांनी सांगितलं ते असं. छप्पन साली धम्म स्वीकारल्यावर वस्तीनं पत्र्याचं विहार उभं केलं. दानपेटी आली, आणि दोन महिन्यांत पैशांवरून कुजबुज सुरू झाली. मारुतीराव तांबट आळीतून पितळ विकत घेऊन आले. सुटीच्या दिवशी ओट्यावर बसून कानस चालवायचे. सात वर्षांचे रामदास पितळेचा कीस गोळा करायचे. दोन किल्ल्या एकदम फिरवल्याशिवाय न उघडणारं कुलूप अठ्ठावन्न साली तयार झालं. एक किल्ली खजिनदाराकडे गेली. दुसरी बायांकडे, म्हणजे रामदासांची आई चंद्रभागा हिच्याकडे. पेटी उघडायची तर दोघांनी समोरासमोर उभं राहायचं. मारुतीराव म्हणायचे, माणसावर विश्वास ठेवायचा, पण कुलूप लावून.

"विहार पक्कं बांधलं तेव्हा जुनी पेटी भंगारात गेली," ओव्हाळ म्हणाले. "ती आमची चूक. कुलूप परत मागायला मी आलो नाही. पण भंगारात पेटी दिली होती, बाप दिला नव्हता. या कार्डावर त्यांचं नाव लिहा. किल्ली मी फुकट देतो."

"नाव लिहिलं तर कुलूपच फुकट जाईल, काका," संजय म्हणाला. एरवी तो त्यांना नुसतं 'ओव्हाळ' म्हणायचा. "पंचवीस हजार देतो. किल्ली द्या आणि विसरून जा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझ्या बापाची आहे, संजयराव. झाकायची की उघडायची ते मी ठरवणार."

"मग 'दुरुस्ती : मारुती ओव्हाळ' असं लिहू? मान राहील."

"दुरुस्ती नाही. त्यांनी घडवलंय." पिशवी उचलून ते निघाले. त्या दिवशी चहा झाला नाही.

मी काय केलं? काही नाही. घरी आलो, जेवलो आणि बायकोवर उगाच चिडलो. दुसऱ्या दिवशी संजयला म्हणालो, कार्ड बदलू या. तो म्हणाला, "सर, तुम्ही लिहिलेलं कार्ड आहे. बदललंत तर आधीची दोनशे कार्डं पण बदला." माणूस पस्तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगतो आणि स्वतःची पाळी आली की त्याची दातखीळ बसते.

लिलाव रविवारी सकाळी होता. भाड्याचं सभागृह, साठ-सत्तर खुर्च्या, पुढच्या रांगेत रावसाहेब. कुलूप अडलेलं आहे, पण कुशल कारागीर नंतर उघडून देईल, असं संजयनं त्यांना पटवलं होतं. त्यानं माझंच कार्ड माइकवर वाचायला घेतलं. 'मातब्बर सरदार घराणे' आलं, 'जामदारखाना' आला, आणि तिसऱ्या रांगेतून एक हात वर गेला.

"तिसरी रांग, साडेतीन लाख!" संजयच्या मदतनीस चैतालीनं सवयीनं पुकारलं. लिलावात हात वर केला की ती बोली.

"बोली नाही, ताई," ओव्हाळ उभे राहून म्हणाले. "हरकत आहे."

ते सरळ टेबलापाशी आले आणि हातातली पिशवी खाली ठेवली. गळ्यातला काळा दोरा सदऱ्यातून वर ओढला. त्याला पितळी किल्ली होती, घासून घासून गुळगुळीत झालेली. "आईनं मरेपर्यंत गळ्यात ठेवली होती. पेटी गेली तरी काढली नाही. सरदाराची दुसरी किल्ली आमच्या खडकीत कशी आली, ते या दुकानानं सांगावं." त्यांनी किल्ली भोकात घातली. ती बसली.

"दुसरी फिरवायला माणूस लागतो," ते म्हणाले. "एकट्यानं होत नाही."

संजय हलला नाही. चैताली त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता तरी ऊठ, गाढवा. उठलो. कुलपाबरोबर आलेली किल्ली दुसऱ्या भोकात घालून मी नेहमीसारखी उजवीकडे फिरवायला गेलो, तर ओव्हाळ म्हणाले, "उलटी, सर. बाप डावखुरा होता."

दोघांनी उलटी फिरवली. खट्ट आवाज झाला आणि कडी वर आली.

"म्हणजे हे सरदाराचं नव्हं?" रावसाहेबांनी विचारलं.

"नाही," ओव्हाळ म्हणाले. "आमचं."

संजयनं घाईघाईनं जाहीर केलं, "वस्तू मागे घेतली आहे."

"मागे का?" ओव्हाळांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "सरदाराचं म्हणून विकायला लाज वाटली नाही, टर्नरचं म्हणून विकायला वाटते? बोली लावा. पण कोणी घडवलं ते सांगून लावा."

मी कार्ड उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं : मारुती ओव्हाळ, टर्नर, बिल्ला क्रमांक २१७, खडकी. विहाराच्या दानपेटीसाठी घडवले, १९५८. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत छोटी कुळकथा. संजयनं माइक माझ्यापुढे ढकलला आणि म्हणाला, "वाचा तुम्हीच. पाचशेपासून." मी वाचलं.

पाचशेचे हजार झाले, हजाराचे चार. संजयनं खालच्या आवाजात सुचवलं, काका, तुम्हीच घेऊन टाका ना. ओव्हाळ म्हणाले, "बापाचं नाव कार्डावर आलं. कुलूप आता कोणीही घ्यावं." शेवटी अकरा हजारांवर रावसाहेबांचा हात वर राहिला. "सरदार गेला खड्ड्यात. काम झ्याक हाय," ते म्हणाले आणि टेबलापाशी आले. तोवर ओव्हाळांनी कडी दाबून कुलूप पुन्हा बंद केलं होतं आणि किल्ली परत गळ्यात घातली होती.

"ती किल्ली?" रावसाहेबांनी हात पुढे केला.

"कुलूप तुमचं. त्याच्याबरोबर आलेली किल्ली तुमची. ही माझ्या आईची आहे, ती लिलावात नव्हती. संजयरावांना नावाच्या बदल्यात फुकट देत होतो, तेव्हा त्यांना नाव नको होतं. हे कुलूप एकट्यानं उघडू नये म्हणूनच केलंय. उघडायचं झालं की खडकीला या, दोघं मिळून उघडू."

त्यांनी पिशवीकडे पाहिलं, पण उचलली नाही. "जय भीम, रावसाहेब," म्हणाले आणि उभे राहिले.

मला त्यांची सवय ठाऊक होती. रावसाहेबांना नव्हती. अडीच किलोचं कुलूप दोन्ही हातांत धरून ते एकदा संजयकडे, एकदा माझ्याकडे पाहू लागले. सभागृह थांबलं होतं. ओव्हाळही थांबले होते, त्यांना काही घाई नव्हती.

"जय भीम," रावसाहेब म्हणाले.

मग ओव्हाळांनी पिशवी उचलली.