उदारामाची शीग

कालव्याच्या चुन्याच्या गोदामावर उदारामला ठेवलं ते १९१२ साली. तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडायचा. भंडाऱ्यातल्याच प्रतापगडापलीकडच्या आपल्या गावात उदाराम पिढीजात मापारी. खळ्यावरचं धान कुडोनं मोजायचं आणि कुणाच्याही बाजूला झुकायचं नाही, एवढीच त्याची विद्या. सरकारला असाच माणूस हवा होता. कुडोच्या जागी लाकडी पेटी आली आणि धानाच्या जागी चुन्याची भुकटी, इतकाच फरक.

एक गोष्ट मात्र त्याला कुणी सांगितली नाही आणि त्यानंही विचारली नाही. उदाराम माप भरायचा ते शीग लावून, म्हणजे काठाच्या वर टोक निघेपर्यंत. सपाट माप म्हणजे मेल्याघरचं, असं त्याला बापानं शिकवलेलं. गोंदियाचा ठेकेदार मुन्नालाल चुना आणायचा, तो शीग लावून घेतला जायचा; मिस्त्र्यांना बांधकामासाठी द्यायचा, तोही शीग लावूनच. तीन वर्षं कुणाचं काही बिघडलं नाही.

मग नवे साहेब आले. त्यांनी करारनामा वाचला. पेटी काठोकाठ भरून वरून फळी फिरवायची, असं त्यात लिहिलेलं. त्यांनी गोदामातला शिल्लक चुना त्या रीतीनं मोजून घेतला. कागदावर चारशे पेट्या होत्या, भरल्या पाचशेच्या जवळ. चुना कमी भरला असता तर सरकारी कागदात चोरीचा रकाना असतो. जास्तीचा रकानाच नव्हता! साहेबांनी डोकं लढवलं आणि ठरवलं, की मिस्त्र्यांनी कालव्याच्या भिंतीत चुना कमी घातला, तोच इथं उरला. भिंत फोडून पाहायचा हुकूम तयार झाला. बांधणारा मिस्त्री हिरालाल, त्याला पोलिसांत द्यायची भाषा सुरू झाली.

इकडे मुन्नालालला शिगेची गोष्ट कळली. त्यानं लगेच अर्ज ठोकला, की तीन वर्षांच्या शिगांचे पैसे मिळावेत. म्हणजे शीग कबूल करणं साहेबांना परवडणारं नव्हतं.

चौकशीला तिघांनाही बोलावलं.

"पेटी सपाटच भरत होतास ना?" साहेबांनी उदारामला विचारलं. "नीट आठव. शीग लावली असशील, तर सरकारचं नुकसान तुझ्या हातून झालं. मग तू कामावर राहणार नाहीस."

"सच बोलो, उदारामभाऊ," मुन्नालाल मध्येच म्हणाला. "हमारा माल गया है."

मुन्नालालच्या पैशाशी उदारामला काही देणंघेणं नव्हतं. तो हिरालालकडे पाहत होता. हिरालालच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"शीग लावूनच भरत होतो, सायेब," उदाराम म्हणाला. "घेतानाही अन् देतानाही. भिंतीत चुना कमी नाही, जास्तच गेला आहे. तिले कायले फोडता?"

"आणि फळी का नाही फिरवलीस?"

"सपाट माप कोन देते जी? मानसाले लाज वाटते."

भिंत वाचली, हिरालाल सुटला, मुन्नालालला निम्मे पैसे मिळाले. साहेबांनी अहवालात लिहिलं की मापाऱ्याला माप येत नाही, आणि उदारामला काढून टाकलं. ज्याच्या एका शब्दानं सगळं निस्तरलं त्याच्याविषयी असं लिहिणाऱ्या माणसाची मला अजून चीड येते. उदारामला तेव्हा तितकं वाईट वाटलं नाही. गावात त्याचं माप होतं.

त्याच साली मळणी झाल्यावर गावच्या जमीनदाराच्या, मालगुजार दुर्गाप्रसादच्या खळ्यावर तो मजुरांच्या मजुरीचं धान मोजायला बसला. पहिल्याच कुडोवर शीग चढली, तसा दुर्गाप्रसादनं त्याचा हात धरला.

"राहू दे गा. ह्याच शिगेपायी सरकारनं तुले काढलं ना? आता आपल्या खळ्यावरही सरकारी मापच चालन." आणि त्यानं एक फळी पुढे केली.

"माह्या हातानं नाही होत," म्हणून उदाराम उठला. कुडो दुसऱ्यानं धरला. मजुरांना धान देताना फळी फिरू लागली. गावानं नेलेलं बियाणं परत घेताना मात्र दुर्गाप्रसादला शीग लागायची.

पुढच्या हंगामात उदाराम त्याच खळ्यावर मजुरीला गेला. संध्याकाळी त्यानं टोपली घरात ठेवली. बायकोनं, जमुनानं, धानाला हात लावून पाहिला.

"एवढंच? काऊन?"

"सरकारी माप आहे," उदाराम म्हणाला. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा खरं बोलल्याचा पस्तावा झाला.