कळस की करवत

“पाठ पाहू द्या,” असे म्हणत मास्तरांनी माझे पत्र उलटे केले.

पत्र तक्रारीचे होते आणि त्यांच्याच विरुद्ध होते. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्या हाती एक प्रत स्वतः द्यावी, हा रिवाज मी आयुष्यभर पाळला. मास्तरांनी मजकुराकडे पाहिलेसुद्धा नाही. कोऱ्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “वकीलसाहेब, लई दाबून लिहिता जी तुम्ही. कागदाले लागून राहिलं.”

“मजकूर पुढच्या बाजूला आहे,” मी बजावले.

“तो तं तुम्ही सांगालच. पण राग इकडून दिसते.”

नागपुरातल्या आमच्या मिशनच्या शाळेत ते चित्रकला शिकवीत. महाल भागाच्या पलीकडे राहणाऱ्या विणकर कोष्टी घराण्यातले, धर्माने हिंदू. मी त्या शाळेच्या समितीचा सभासद, चर्चच्या मंडळीचा वडील, म्हणजे निवडलेला कारभारी, आणि धंद्याने वकील. एकोणीसशे साठचे दशक संपत आले होते. विणकराच्या घरी कापडाची पारख उलट्या बाजूने होते असे म्हणतात, आणि मास्तर तोच न्याय सगळ्या जगाला लावीत. मुलाचे चित्र हाती आले की आधी पाठ. पेन्सिल किती दाबली आहे यावरून मूल भ्यालेले आहे की रमलेले, ते सांगत. ते बरोबर सांगत की ठोकून देत, याचा निर्णय मला कधी करता आला नाही.

मला त्यांचा संशय होता, आणि तो निराधार नव्हता, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. दहा आज्ञांपैकी दुसरी आज्ञा मूर्ती करण्यास मनाई करते. कलम स्पष्ट आहे. त्याला अपवादाचे परंतुक जोडलेले नाही. असे असता ख्रिस्ती शाळेत शुभवर्तमान चित्रांतून शिकवावे, आणि ते काम बाप्तिस्मा न घेतलेल्या माणसाच्या हाती द्यावे, हे कोणत्या नियमात बसते? आमच्या प्राचार्यबाईंना मी हाच प्रश्न लेखी विचारला होता. त्या म्हणाल्या, “ऐकलेली गोष्ट मुले उत्तरपत्रिकेत लिहून मोकळी होतात. काढलेली गोष्ट त्यांना सोडत नाही.” वाक्य सुंदर होते. म्हणूनच मी सावध झालो.

प्रत्यक्ष पुरावा पाहिजे म्हणून मी एकदा वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात उभा राहिलो. येशूच्या बोधकथांपैकी हरवलेल्या मेंढराचा दाखला चालला होता. एका मुलाचा रडवा आवाज आला, “सर, चुकलं. मेंढरू बकरीवानी झालं.”

“मग काय झालं? बकरी तं बकरी. हरवली का नाही?”

“हरवली.”

“मग तो मेंढपाळ शोधाले जाईन का नाही जाईन?”

“जाईन!” सगळा वर्ग ओरडला.

“मग काढ ना गा! रडून काहून राहिला?”

आता तुम्हीच विचार करा. शुभवर्तमानात शेवटच्या न्यायाच्या दिवशी मेंढरे उजवीकडे आणि बकऱ्या डावीकडे जातात. डावीकडच्यांचे पुढे काय होते ते मी येथे लिहीत नाही. आणि या गृहस्थांनी एका वाक्यात बकरीला मेंढराचे सर्व हक्क बहाल केले! त्याच संध्याकाळी मी समितीला पत्र धाडले. त्यात ‘दस्तऐवजात केलेला मूलभूत फेरफार’ असे शब्द होते.

एका बाबतीत मात्र मला त्यांच्यावर बोट ठेवता आले नाही. त्यांच्या वर्गात रबर वर्ज्य होते. “खोडायचं नाही,” ते सांगत. “खोडलेली जागा लपत नाही. चुकलं तं काट मारायची, आपलं नाव घालायचं, अन् पुढं जायचं.” हा तर आमच्या न्यायालयाचा नियम! खाडाखोड केलेला कागद संशयास्पद ठरतो. शब्द चुकला तर त्यावर आडवी रेघ मारावी, मूळ शब्द वाचता यावा, बाजूला आद्याक्षरे करावीत. चित्रकला शिक्षकाला हा नियम कोणी सांगितला? मी विचारले तेव्हा ते हसले. “आमच्या घरी मागावर एक धागा चुकला तं तो सोडवाले दिवस जाते जी. बाप म्हणे, राहू दे, लोकायले समजू दे कोण विणत होतं.” ही गोष्टही खरी की प्रसंग पाहून रचलेली, देव जाणे.

मग तो नाताळ आला. प्रार्थनेच्या हॉलची मागची भिंत प्राचार्यबाईंनी मास्तरांच्या हवाली केली. आठवीच्या मुलांना घेऊन त्यांनी गेरू, चुना आणि नीळ यांनी ख्रिस्तजन्म रंगवला. मी पाहायला गेलो तो अर्थातच चुका काढायला. गाय विदर्भातली, पांढरी, लांब तोंडाची. मरीया मांडी घालून बसलेली. येथवर मी स्वतःला आवरले. पण गव्हाणीतल्या बाळाला ज्या बाळंत्यात गुंडाळले होते, ते होते जुन्या लुगड्याचे, आणि त्याच्या लाल काठावर एकाला एक लागून टोकदार कळस! ओळीने देवळेच देवळे, आणि ती कोठे, तर आमच्या प्रभूच्या अंगाभोवती.

मी पत्र लिहिले. ते मागून कसे दिसत होते, हे मास्तरांनाच ठाऊक.

माझी मागणी खुलाशाची होती, एवढे स्पष्ट नमूद करतो. समितीच्या अध्यक्षांनी ते पत्र वाचले आणि भिंत पांढरी करायला चुनेवाल्याला निरोप धाडला. मास्तरांना कामावरून दूर करण्याचा ठरावही टंकलिखित करून तयार ठेवला. चौकशी नाही, विचारणा नाही. माझा संताप अनावर झाला. एदेन बागेत देवाला सर्व ठाऊक होते. तरी त्याने आदामाला आधी हाक मारून विचारले आणि मगच शिक्षा सुनावली. अध्यक्षांना देवापेक्षा अधिक कळत होते काय? मी दुसरे पत्र लिहिले, तिसरे लिहिले, आणि सुनावणी घ्यायला लावली.

ती हॉलमध्येच, भिंतीसमोर झाली. आम्ही खुर्च्यांवर. मास्तर उभे, आणि आमच्याकडे पाठ करून, चित्राकडे तोंड करून उभे. मला तो उद्धटपणा वाटला.

“प्रभूच्या बाळंत्यावर देवळाचे कळस काढण्याचा तुमचा उद्देश काय?” मी विचारले.

मास्तरांनी बाळंत्याचा काठ निरखला. मग भिंतीशीच बोलल्यासारखे म्हणाले, “कळस नाही जी ते. करवत आहे.”

“काय?”

“करवतीचे दाते. आमच्यात या काठाले करवतकाठच म्हणते. आजीचं मऊ झालेलं लुगडं लेकराले गुंडाळते, तसं गुंडाळलं.” त्यांनी बाळाकडे बोट केले. “सुताराच्या घरचं लेकरू ना जी हे? मग करवत नाही तं काय राहीन?”

प्राचार्यबाईंनी रुमाल तोंडाला लावला. हसू दाबायला की आणखी कशाला, ते कळले नाही. अध्यक्ष चुळबुळले. मग म्हणाले, “असेल, असेल. तडजोड करू. चित्र राहू द्या, मास्तर. तेवढा काठ पुसून टाका, म्हणजे प्रश्न मिटला. तुमची नोकरीही राहील.”

“पुसणार नाही,” मास्तर म्हणाले. “पोरायले म्हणून राहिलो खोडू नका, अन् मीच खोडू? चुकलं असन तं तुम्ही काट मारा, अन् खाली सही करा. माहीत पडू द्या कोणं मारली ते.”

मी खुर्चीवरून उठलो. मास्तरांच्या बाजूने नव्हे, प्रक्रियेच्या बाजूने. खिशातले पेन काढून अध्यक्षांपुढे धरले आणि म्हणालो, “सूचना कायदेशीर आहे. ज्या सभासदाला हा काठ अमान्य असेल त्याने त्यावर आडवी रेघ मारावी आणि भिंतीवर सही करावी.”

“वकीलसाहेब, आक्षेप तर तुमचाच होता!”

“आक्षेप माझा होता. निकाल माझा नाही. घ्या.”

पेन कोणी घेतले नाही. चुनेवाला परत गेला. चित्र राहिले.

मास्तर मात्र राहिले नाहीत. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा वेळापत्रकातून चित्रकलेचा तासच गेला होता. परीक्षेच्या विषयांना वेळ पुरत नाही, असे कारण देण्यात आले. तास नाही म्हणून शिक्षक नाही. शिक्षक नाही म्हणून काढून टाकण्याचा प्रश्न नाही. एवढी सफाईदार खाडाखोड मी न्यायालयातही पाहिली नाही. समितीला मी त्याविरुद्ध पत्रांवर पत्रे लिहिली. उत्तरे आली, नम्र आली.

काही वर्षांनी गांधीबागेच्या बाजारात मास्तर भेटले. कापडाच्या एका ठोक दुकानात ते साड्यांच्या काठांचे नमुने काढून देत. कपाळावरचे केस गेले होते. मला पाहून दुकानाच्या पायरीवर आले.

“काय लिहून राहिले आजकाल, वकीलसाहेब?”

“मास्तर, प्रकरण निकालात निघाले आहे. आता तुमचे काही बिघडणार नाही,” मी म्हणालो. “खरे सांगा. ती करवत चित्र काढतानाच मनात होती, की बैठकीत उभे असताना सुचली?”

ते डोळे बारीक करून हसले. “तुम्ही तवा माझी पाठच पाहून राहिले होते ना? काय दिसलं?”

मला आठवले. डिसेंबरची थंडी होती, आम्ही सगळे कोट घालून बसलो होतो, आणि मास्तरांचा सदरा पाठीला चिकटून ओलाचिंब झाला होता.

“घाम दिसला,” मी म्हणालो. “पण घाम खोटे बोलणाऱ्याला येतो, तसा नोकरी जायची भीती असताना खरे बोलणाऱ्यालाही येतो. हा पुरावा दोन्ही पक्षांच्या कामाचा आहे.”

“मग राहू द्या तसंच,” ते म्हणाले, आणि आत गेले.

त्यानंतर आमची भेट नाही. त्यांच्या जाण्याची बातमी मला उशिरा, कोणाच्या तरी बोलण्यातून कळली. शाळेने दुखवट्याचा ठराव करावा असे पत्र मी समितीला लिहिले. मसुदा मीच जोडला. दुसऱ्या कोणाच्या मसुद्यावर माझा विश्वास नाही. ‘आपल्या शाळेचे परधर्मीय चित्रकला शिक्षक’ असे माझ्या हातून लिहिले गेले. वस्तुस्थिती म्हणून शब्द अचूक होता. तरी मी थांबलो.

शाई सुकण्याआधी कागद बदलता आला असता. बदलला नाही. ‘परधर्मीय’ या शब्दावर एक आडवी रेघ मारली, मूळ शब्द वाचता येईल अशी, आणि बाजूला आद्याक्षरे केली. मग काय वाटले कोण जाणे, कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवरून अंगठा फिरवला. सगळ्या ओळी हाताला लागत होत्या. ती एक रेघ लागत नव्हती.